बागेतलं शिल्प कॅटलॉगमधून नको

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कॉलनीत ओपन स्पेसवर अखेर बाग होतेय. इतकी वर्षं तिथं नुसत्या वेड्या बाभळी होत्या, त्यामुळे सगळेच खूश आहेत. परवाच्या मीटिंगमध्ये मधोमध काय बसवायचं हा विषय निघाला आणि पाच मिनिटांत कॅटलॉग हातोहात फिरला. डॉल्फिन, जिराफ, मशरूम, सगळं फायबरचं, रेटसकट. तीन कोटेशन मागवा, कमी असेल त्याला द्या, झालं. मी तिथं बोलले पण मनासारखं मांडता आलं नाही म्हणून इथं लिहितेय.

आधी फायबरचं सांगते. एका बागेत फायबरचा हत्ती होता, माझ्या मुलीचा फार लाडका. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचा रंग उडाला, मग कानापाशी तडा गेला आणि त्या तड्यातून काचेची बारीक कुसळं वर आली. ती मुलीच्या तळहातात घुसली, संध्याकाळभर ट्यूबलाइटखाली बसून चिमट्यानं एकेक काढत होते मी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४च्या घरात जातो, त्या उन्हात वस्तू किती टिकेल हे कोटेशनच्या कागदावर कुणी लिहित नाही.

मग पुतळा का नको, असं एका काकांनी विचारलं. पुतळ्याचं मोल मला आहे, चार हुतात्मा पुतळ्यांपाशी उभं राहूनच मी मुलीला १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ आणि त्या चौघांची १२ जानेवारी १९३१ ची येरवड्यातली फाशी सांगितली. पण पुतळा म्हटलं की मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मंजुरी, बाकीच्या परवानग्या, शिवाय पुतळ्याभोवती रेलिंग येतं आणि मुलं बाहेर राहतात. आपल्याला बसता येईल, खाली खेळता येईल असं काही पाहिजे.

मला सुचलं ते शेजारच्या मामांमुळे. मामांनी जन्मभर जकार्डवर, म्हणजे नक्षी उठवणाऱ्या मागावर, चादरी विणल्या, माग विकले तरी पत्त्यांची एक माळ खुंटीला ठेवलीय. जाड पुठ्ठ्याचे भोकं पाडलेले पत्ते, दोऱ्यानं एकमेकांना ओवलेले, अजून हाताला तेलकट लागतात. मी विचारलं यातलं फूल कुठंय मामा, तर म्हणाले, “पत्त्यात फूल दिसत नसतं बाळ, एका पत्त्यात एकच बाणा, म्हणजे एकच आडवा धागा. भोक असलं की तो ताणा, म्हणजे उभा धागा, वर उचलतो, नसलं की खालीच राहतो. फूल बघायचं तर ग्राफवर बघ.” आणि ट्रंकेतून चौकटी रंगवलेला ग्राफ काढून दाखवला, मोराचा. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला निघालेली ही युक्ती आपल्या गल्लीत घरोघरी होती आणि आता मुलांना पत्ता म्हटलं की खेळायचाच आठवतो.

तर बाकड्यांवर लोखंडी पत्र्याचं छत करायचं, भोकं त्या ग्राफप्रमाणे, म्हणजे दुपारी मोर जमिनीवर पडेल. पत्रा तापतो, पण डोक्यावर असल्यानं कुणाचा हात लागणार नाही. मी माळ घेऊन प्लॉटवर गेले. पत्ता जमिनीपासून वीतभर वर धरला की उजेडाचे ठिपके स्वच्छ पडतात, डोक्यावर धरला की पसरून एकमेकांत मिसळतात. म्हणजे दहा फुटांवरच्या छताला पत्त्याएवढी भोकं चालणारच नाहीत, चांगली मोठी लागतील, किती मोठी, ऊन कुठल्या वेळी कुठून येतं, हे सगळं बसून काढणारा माणूस पाहिजे. तो माणूस म्हणजे आर्टिस्ट, आणि तो आत्ताच पाहिजे, कारण खांबांचे फाउंडेशन पेव्हर ब्लॉक पडायच्या आधी घ्यावे लागतात. दोन-तीन जणांना बोलवा, प्रत्येकाला स्केच आणि छोट्या मॉडेलचे पैसे द्या, फुकट मागू नका, मग निवडा.

करारही नीट पाहिजे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भलंमोठं ब्राँझचं म्युरल, म्हणजे भिंतीवरचं शिल्प, १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवलं, त्यात त्याची मोडतोड झाली. ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं ५ लाख भरपाई आणि उरलेले भाग परत द्यायला सांगितले. काम विकलं तरी त्याची नासधूस झाल्यास कलाकाराला दाद मागता येते, कॉपीराइट कायद्यात ते आहे. म्हणून रंग कोण मारणार, गंज कोण बघणार, हलवायचं झालं तर कुणाला विचारायचं हे आधीच लिहून घ्यायचं.

पुढची मीटिंग रविवारी सकाळी प्लॉटवरच आहे. मामा येणार आहेत, ग्राफ घेऊन. ज्यांच्या घरी माळ्यावर जुने ग्राफ, पत्ते पडलेत त्यांनी प्लीज सोबत आणा, वाळवी लागलेले असले तरी चालतील, मोबाइलवर फोटो काढून घेऊ.