पेन बिघडलाय म्हणे

"टीचर, हा पेन अर्धंच वाचतो." सहावीतल्या पोराने आज रीडिंग पेन (छापील ओळीवरून फिरवला की ती मोठ्याने वाचून दाखवणारा, वाचायला अडखळणाऱ्या मुलांसाठीचा पेन) बाकावर ठेवला तो ठेवलाच. पेन ठणठणीत होता.

घोळ टोकापाशी असतो. पेनच्या टोकाला बारीक स्विच आहे. कागदावर दाबला की स्कॅन सुरू, उचलला की बंद. मुलं टोक बरोब्बर पहिल्या अक्षरावर टेकवतात आणि शेवटच्या अक्षरावर उचलतात, मग दोन्ही टोकांची अक्षरं गळतात. शब्दाच्या अर्धा सेंटीमीटर आधी टेकवायचं आणि ओळ संपल्यावर थोडं पुढे जाऊन उचलायचं. पेन जवळजवळ उभा. कलला की वरची किंवा खालची ओळ घुसते. हात डगमगत असेल तर ओळीखाली पट्टी धरा.

गुळगुळीत कागद चमकतो, फिकी झेरॉक्स तुटक वाचली जाते. हस्ताक्षराची तर आशाच सोडा. आणि मराठी वाचतो का, हे खरेदीआधी बघा. बरेच पेन इंग्रजीपुरतेच असतात.

इयरफोन मात्र हवेतच. पेन सगळ्या वर्गासमोर बोलू लागला की मूल तो दप्तरातून काढत नाही, मग कितीही भारी असो.

इंग्लंडमध्ये जीसीएसई या आपल्या दहावीसारख्या परीक्षेत, इंग्रजी वाचनाच्या भागात माणसाने वाचून दाखवलेलं चालत नाही, पण परवानगी असलेल्या मुलाला शब्दकोश नसलेला पेन चालतो. कारण पेन घेऊन मूल स्वतःचं स्वतः वाचतं असं धरतात; पेन फक्त उच्चारतो, अर्थ मुलालाच लावावा लागतो.

आपल्याकडे घटक चाचणीला तरी तो वापरू देणारी शाळा माहितीय का कुणाला?