कॉफी पिणारी बाई

एका जुन्या कॅलेंडरचं पान मी स्वयंपाकघरात जेवणाच्या टेबलासमोर चिकटवलंय. फ्रेंच चित्रकार पिएर बोनारचं ‘कॉफी’. मूळ चित्र १९१५ सालचं, लंडनच्या टेट संग्रहालयातलं. आमच्या प्रतीवर फोडणीचे दोन शिंतोडे जास्तीचे आहेत.

चित्रात काय आहे म्हणाल, तर मुख्यतः टेबलक्लॉथ. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा, आणि असा उभा चढत गेलेला की वरची भांडी घसरून आपल्याच मांडीत पडतील. माणसांना उरल्यासुरल्या जागेत बसवलंय. एक बाई कप ओठांशी धरून बसलीय. शेजारी तिचा कुत्रा, पुढचे पाय खुशाल टेबलावर. उजवीकडे आणखी एक बाई आहे, पण तिचं डोकं वरच्या कडेनं उडवलंय. मला आधी वाटलं, कॅलेंडरवाल्यानं कापताना घोळ घातला. नाही, चित्रच तसं आहे!

बोनार समोर बघून रंगवत नसे. पेन्सिलीनं बारीकसारीक टिपणं करायची, मग कापड भिंतीला टाचून आठवणीतून रंगवत बसायचं. तरी समाधान नाहीच. संग्रहालयात टांगलेल्या स्वतःच्याच चित्रावर त्यानं चोरून रंग लावला, आणि तेवढा वेळ मित्र व्हुइयारनं पहारेकऱ्याला गप्पांत गुंतवलं, अशी गोष्ट सांगतात.

आठवणीतून काढलेलं म्हटल्यावर त्या उडालेल्या डोक्याचं मला नवल वाटेनासं झालं. आजोळच्या बशीचा निळा काठ मला अजून लख्ख दिसतो. त्या बशीत चहा ओतून देणारी मामी मात्र फक्त बांगड्यांपर्यंतच दिसते.

कॉफी पिणारी बाई म्हणजे मार्थ. १८९३ साली पॅरिसमध्ये दोघांची ओळख झाली, तेव्हा तिनं नाव सांगितलं मार्थ द मेलिन्यी. एकत्र राहिले, त्यानं तिची चित्रांवर चित्रं काढली, आणि लग्न केलं ते थेट १९२५ साली. तेव्हा कुठे त्याला कळलं म्हणतात, की बाईसाहेबांचं खरं नाव मारिया बूर्सां. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहितात. हिचं जुनं नाव लग्नात बाहेर आलं.

म्हणजे या टेबलाशी ती बसलीय, तेव्हा ओळखीला बावीस वर्षं झालीत आणि चित्रकाराला तिचं नावही ठाऊक नाही. तिच्या पाठीचा बाक, मान किती कलते, कप कसा धरते, सगळं तोंडपाठ. हे वाचल्यापासून मी चौकड्या सोडून त्या कपाकडेच बघते. बरोबर तोंडासमोर धरलाय तिनं.

परवा सकाळी नवरा म्हणाला, “ते पान काढायचं का आता? पिवळं पडलंय.” मी चहा पीत होते. कप खाली न ठेवता नुसती मान हलवली. त्यानं त्याचा काय अर्थ घेतला कुणास ठाऊक, पान अजून भिंतीवर आहे.