भाट्ये किनारा: कंगवा-जेली ओळखायची ती जिवंतपणीच

रत्नागिरीहून पावसकडे जाताना भाट्याचा पूल ओलांडला की उजवीकडे सुरूचं बन लागतं. कंगवा-जेली, म्हणजे कंगव्यासारख्या केसांच्या पट्ट्यांनी पोहणारा पारदर्शक समुद्री जीव, पुलाजवळ शोधू नका, तिथे काजळी नदीचं गोडं पाणी मिसळतं. बन मागे टाकून दक्षिणेला चला.

हिवाळ्यातली अष्टमी गाठावी. उधाणाला पाणी गढूळ असतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला, निवळतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, त्यामुळे अष्टमीची भरती सहाच्या सुमारास येते. म्हणून दुपारी तीनपासून भरतं पाणी आणि खारा वारा दोन्ही या जिवांना किनाऱ्याकडे ढकलतात.

जाळी नको, जीव चिरतो. गुडघाभर पाण्यात एक लिटरची पारदर्शक बरणी हळूच बुडवून जीव पाण्यासकट आत घ्यावा. बरणीत एकच ठेवा. नळाचं पाणी चुकूनही घालू नका. मागे काळं कापड, बाजूने टॉर्च आणि दहापट भिंग एवढं पुरतं.

आधी ही कंगवा-जेलीच आहे ना, ते पाहा. उभ्या आठ पट्ट्या हव्यात. आडवे स्नायूपट्टे दिसले तर तो साल्प, वेगळाच पारदर्शक समुद्री जीव. पट्ट्यांवर धावणारे इंद्रधनुषी रंग म्हणजे हलत्या केसांवर फुटलेला प्रकाश, तो जिवाचा स्वतःचा उजेड नव्हे. इथे पुष्कळजण फसतात.

मग दहा मिनिटं बरणी हलवू नका. एक-दोन सेंटिमीटरची गोटी असेल तर दोन खोबणींतून शुंडके (भक्ष्य पकडायचे दोऱ्यासारखे अवयव) सुटतात, शरीराच्या कितीतरी पट लांब, आणि एकाच बाजूने बारीक तंतूंची झालर. सगळे तंतू सारखे असतील तर प्लुरोब्राकिया. मधेमधे पंजासारखे जाड तंतू असतील तर होर्मिफोरा. बरणी हलली की शुंडके आत जातात आणि पुन्हा पहिल्यापासून वाट बघावी लागते.

शुंडकेच नाहीत, तोंड थैलीभर रुंद, तर बेरोए. ही इतर कंगवा-जेली गिळते, म्हणूनही बरणी वेगळी. पट्ट्यांखालच्या नलिकांना फुटलेल्या फांद्या भिंगातून पाहा: एकमेकींना जुळून जाळी झाली असेल तर बेरोए कुकुमिस बाद, तिच्या फांद्या सुट्या राहतात. बेरोएच्याच ओवाटा या जातीत जाळी होते, पण फोर्स्काली या जातीतही होते. फोर्स्कालीचं मागचं टोक निमुळतं असतं, म्हणून आकाराचा फोटो बाजूनेही घ्या.

तोंडाशी दोन मोठे पडदे असलेल्या कंगवा-जेलीच्या जाती फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) विरघळल्यासारख्या तुटतात. त्यांची नोंद फोटोवरच. वाळूत पडलेल्या गोळ्यावरून जातीचं नाव लिहू नये, फारतर प्रजाती (genus, म्हणजे बेरोएसारखा नावातला पहिला शब्द) लिहून प्रश्नचिन्ह टाकावं.