मोकळा रस्ता नको रे बाबा

परदेशात जाऊन उजव्या बाजूने गाडी चालवायची म्हटलं की जो तो एकच सल्ला देतो, "काही नाही गं त्यात, पुढच्या गाडीच्या मागे मागे जायचं." सल्ला बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर. फक्त पुढे गाडीच नसेल तर काय करायचं हे कोणी सांगत नाही.

मला भीती वाटत होती ती हायवेची. सहा-सहा लेन, सुसाट गाड्या, मोठाले ट्रक. प्रत्यक्षात अमेरिकेतला हायवे म्हणजे अगदी गरीब गाय निघाला. मध्ये दुभाजक, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, तुम्हाला समोरच्या बाजूला जायचं म्हटलं तरी जाता येत नाही. गर्दीचे सिग्नलही तसेच, चारी बाजूंना गाड्या उभ्या असतात, कोण कुठून येणार आणि कुठे जाणार हे समोर दिसत असतं, आपण फक्त त्या प्रवाहात शिरायचं. गर्दी सांभाळून घेते हो. खरी परीक्षा असते रविवारी सकाळी, कुठल्यातरी दुकानाच्या पार्किंगमधून बाहेर पडताना. रस्त्यावर चिटपाखरू नाही, मधली रेघ पुसट झालेली, बाण नाही, पाटी नाही, आणि मग डोकं काही ठरवायच्या आत हातांनी ठरवून टाकलेलं असतं, जायचं ते जुन्याच बाजूला. पेट्रोल भरून निघताना तेच, वस्तीतल्या आतल्या गल्ल्यांमधून जाताना तेच. जिथे निवांत वाटतं तिथेच नेमकं काळजीपूर्वक चालवायचं हे कळायला वेळ लागतो.

डोक्याला समजायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. उजवीकडून चालवायचं, संपलं. पण ड्रायव्हिंग मुळात डोक्यात राहिलेलंच नसतं ना, ते कधीचं हातापायात, मानेत, खांद्यात उतरलेलं असतं, आणि त्या प्रत्येकाला वेगवेगळं शिकवावं लागतं. पायांचं बरं आहे, क्लच डावीकडे, मध्ये ब्रेक, उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटर हा क्रम स्टिअरिंग कुठल्याही बाजूला असलं तरी तोच राहतो, ज्याने कोणी हे असं ठेवलं त्याला माझा दंडवत, कारण पायांनाही उलटं शिकवायची वेळ आली असती तर मी बसनेच फिरले असते. हातांचं मात्र सगळं बदलतं. सीटबेल्टसाठी हात सवयीने उजव्या खांद्यामागे जातो, तिथे काहीच नसतं. मधल्या आरशासाठी नजर वर डावीकडे जाते आणि खिडकीबाहेरचं झाड दिसतं, आरसा उजवीकडे असतो. भारतातल्या बहुतेक गाड्यांना इंडिकेटरची दांडी उजवीकडे आणि वायपरची डावीकडे, इकडे बरोबर उलटं, त्यामुळे कडक ऊन पडलेलं असताना एखादी गाडी वळणापाशी येऊन काच पुसायला लागली की समजावं कोणीतरी नुकतंच विमानातून उतरलंय. ज्यांच्याकडे भारतात काही युरोपियन कंपन्यांच्या गाड्या असतात त्यांची दांडी तिथेही डावीकडेच असते, ते लोक या बाबतीत उगाच भाव खातात.

पण या सगळ्या वरवरच्या गोष्टी, आठवडाभरात जमतात. खरा घोळ होतो तो गाडीच्या रुंदीचा. आपली गाडी कुठून कुठपर्यंत आहे हे आपल्याला न बघता कळत असतं, डावं चाक कुठे असेल, खड्डा चुकेल का, दोन गाड्यांच्या मधून निघेल का. वर्षानुवर्षं आपण उजव्या सीटवर बसलेलो असतो आणि बहुतेक सगळी गाडी आपल्या डावीकडे पसरलेली असते. आता अचानक आपण डावीकडे आणि गाडी उजवीकडे. शरीराला ते पटत नाही, ते लेनमध्ये जुन्याच जागी जाऊन बसतं, म्हणजे मधापेक्षा जरा उजवीकडे. मला तर अगदी मधोमध चालवतोय असं वाटत असतं, आणि तेवढ्यात शेजारी बसलेला नवरा हळूहळू माझ्याकडे कलायला लागतो. प्रेमाने नाही. त्याच्या खिडकीला लागून पार्क केलेल्या गाड्यांचे आरसे, पत्रपेट्या, झाडाच्या फांद्या सटासट जात असतात. "अगं, माझ्या बाजूला जागा नाहीये!" "अरे, भरपूर आहे." "तू तिथे बसून कसं सांगतेस?" मुद्दा बिनतोड आहे. उजवं चाक ड्रायव्हरला दिसत नाही, ते नवऱ्याच्याच बाजूला आहे, आणि त्याच्या पायाखाली ब्रेक नाही. नवशिक्या ड्रायव्हरपेक्षा त्याच्या शेजारी बसणाऱ्याला जास्त धैर्य लागतं असं माझं स्पष्ट मत झालंय.

यावर एक सोपा उपाय आहे, आणि तो डाव्या-उजव्याच्या भानगडीत पडतच नाही. ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मधल्या रेघेकडे असतो आणि शेजारचा माणूस फूटपाथकडे. भारतात मधली रेघ आपल्या उजव्या कोपराशी असते, अमेरिकेत डाव्या कोपराशी, बास. आपण फूटपाथच्या कडेला आलो आणि बाजूचा माणूस रस्त्याच्या मध्यावर गेला की समजायचं काहीतरी मोठं बिनसलंय. अमेरिकेत आणखी एक सोय आहे, समोरासमोरच्या वाहतुकीला वेगळं करणारी रेघ पिवळी असते आणि एकाच दिशेच्या लेनमधली पांढरी, दुभाजक असेल तर डावीकडची कडेची रेघसुद्धा पिवळीच. म्हणजे पिवळं कायम आपल्या डाव्या हाताला पाहिजे. रंग ओळखता येतो म्हणजे निम्मं काम झालं.

अर्थात कोपराचा नियम चालतो तो गाडी त्या देशासाठी बनवलेली असेल तेव्हाच. अमेरिकेच्या ताब्यातल्या व्हर्जिन आयलंड्सवर वाहतूक डावीकडून चालते पण गाड्या येतात अमेरिकेतून, डाव्या स्टिअरिंगच्या, त्यामुळे तिथला ड्रायव्हर कायम रस्त्याच्या कडेला बसलेला. म्यानमारने 1970 साली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं जपानमधून आलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या जुन्या गाड्याच धावत होत्या, आणि ज्या बसचे दरवाजे जुन्याच बाजूला राहिले त्यांतून उतरणारे लोक थेट रस्त्याच्या मध्यावर. पुढची गाडी ओव्हरटेक करायची तर समोरून काही येतंय का हे ड्रायव्हरला दिसणारच नाही, शेजारच्याला विचारायचं. आमच्या घरातल्या ड्रायव्हिंगची पद्धत राष्ट्रीय पातळीवर राबवल्यासारखं आहे हे.

वळणांचा हिशोब असा की डावीकडे वळणं हे भारतात किरकोळ काम, ते आता मोठं झालं आणि उजवीकडे वळणं किरकोळ झालं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल सिग्नल असतानाही, पूर्ण थांबून, कोणी येत नाहीये ना बघून उजवीकडे वळता येतं (न्यूयॉर्क शहरात नाही, तिथे तशी पाटी असेल तरच). हे लगेच आवडतं. डावं वळण मात्र समोरच्या गाड्या ओलांडून घ्यायचं, आणि गंमत ओलांडण्यात नाहीये, ओलांडल्यानंतर आहे. हाताला डावं वळण छोटं घ्यायची सवय, त्यामुळे ते पटकन जवळच्याच लेनमध्ये घुसायला बघतं आणि जवळच्या लेनमध्ये समोरून लोक येत असतात. तिथे मी चक्क मोठ्याने बोलते, "मोठं वळण, लांबची लेन." मुलं मागे बसून नक्कल करतात, करू देत.

सगळ्यात ढ अवयव म्हणजे मान. हात शिकतात, खांदे शिकतात, मान नाही. रस्त्यावर यायचं म्हटलं की ती आधी उजवीकडेच वळते कारण लहानपणापासून जवळची गाडी उजवीकडूनच आलेली आहे. आता जवळची गाडी डावीकडून येते. राऊंडअबाउटमध्ये तर कहरच, सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात आणि वाट द्यायची ती डावीकडून येणाऱ्याला. पायी चालतानाही हेच, किंबहुना पायी जास्तच, कारण पायी चालताना आपण काही वेगळं करतोय असं डोक्यातही येत नाही. विन्स्टन चर्चिल डिसेंबर 1931 मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर टॅक्सीतून उतरून रस्ता ओलांडायला गेला, ब्रिटिश सवयीने चुकीच्या बाजूला बघितलं आणि गाडीने उडवलं, हॉस्पिटलात पडून राहावं लागलं. चूक आपलीच होती असं त्याने स्वतःच सांगितलं. लंडनमध्ये रस्ता ओलांडायच्या जागी जमिनीवरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेलं असतं, उजवीकडे बघा म्हणून, ते बाहेरून आलेल्यांच्या मानेसाठी. मला ही फार समजूतदार गोष्ट वाटते. माणूस बदलणार नाही हे मान्य करून रस्ता रंगवलाय.

एकट्याने उलटं शिकणं एक वेळ ठीक, पण आख्ख्या देशाने एका दिवसात? स्वीडनने केलं, डावीकडून उजवीकडे. 1955 साली लोकांना विचारलं तर सुमारे 83 टक्के लोक नाही म्हणाले, आणि सरकारने 1967 मध्ये तरीही केलंच. कारणं तशी पटण्यासारखी होती, शेजारचे नॉर्वे आणि फिनलंड उजवीकडून चालवणारे, आणि स्वीडनमधल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग आधीपासून डावीकडेच होतं, म्हणजे रस्ताच काय तो चुकीच्या बाजूला होता. 3 सप्टेंबर 1967, रविवार, पहाटे पाचला थोडा वेळ असताना जी काही वाहनं रस्त्यावर होती ती थांबली, हळूच दुसऱ्या बाजूला गेली, परत थांबली आणि पाच वाजता निघाली. रेल्वे तेवढी तिथे अजून डावीकडूनच धावते, तिच्या नादाला कोणी लागलं नाही.

मला यातलं सगळ्यात रंजक वाटतं ते पुढचं. बदलानंतर सुरुवातीला अपघात वाढायच्या ऐवजी कमी झाले, आणि मग दोन-एक वर्षांत परत पूर्वीसारखे. मला हे अगदी पटतं कारण सगळेच एकदम नवशिके झाले होते, जो तो बिचकत, बघत, दुसऱ्याला सांभाळत चालवणार, मागून हॉर्न वाजवणार कोण, त्यालाही माहीत नाही ना. आणि मग सवय झाली. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या छोट्या बेटांच्या देशाने 2009 मध्ये उलटा प्रकार केला, उजवीकडून डावीकडे, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जपानमधून स्वस्तात गाड्या आणता याव्यात म्हणून, आणि लोकांना सावरायला दोन दिवस सुट्टी दिली, दारूविक्री तीन दिवस बंद ठेवली. एकट्याने परदेशात गाडी चालवायला लागणाऱ्याला कोण सुट्टी देतंय?

स्वीडनमध्ये झालं तेच प्रत्येकाचं होतं बहुतेक. सुरुवातीला रेडिओ बंद, फोन बंद, मुलांना दम भरलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, अशा अवस्थेत सहसा काही होत नाही. धोका नंतर असतो, जेव्हा आपण गाडी चालवता चालवता उद्याच्या कामाचा विचार करायला लागतो. जुनी सवय कुठे गेलेली नसते, नव्या सवयीच्या खाली ती तशीच शाबूत असते आणि दमल्यावर, झोप आल्यावर, रात्री उशिरा, ती वर येते. त्याहून वाईट म्हणजे दचकल्यावर. अचानक समोरून काही आलं तर माणूस जी बाजू घेतो ती विचार करून घेत नाही, शरीर त्याला आयुष्यभर सुरक्षित वाटलेल्या कडेला पळतं, आणि आता ती कड म्हणजे समोरच्यांची लेन. याची प्रॅक्टिस कशी करणार? वेग कमी ठेवायचा आणि दचकायची वेळ येऊ द्यायची नाही, मला तरी दुसरं काही सुचलेलं नाही.

म्हणून पहिल्यांदाच चालवणार असाल तर सरळ ऑटोमॅटिक गाडी घ्या, उजव्या हाताला गिअर शिकवायचा खटाटोप नको. लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच स्टिअरिंगवर बसू नका. शेजारी बसणाऱ्याशी आधीच ठरवून ठेवा, कारण "डावीकडे घे" म्हणजे डावीकडे वळ की जरा डावीकडे सरक यावर भर चौकात चर्चा होऊ शकते, आमची झाली आहे. आम्ही आता सरकायचं असेल तर फक्त "रेघ" म्हणतो. आणि गाडी भाड्याने घेताना काऊंटरवरचा माणूस विचारतो ना, पूर्ण इन्शुरन्स हवाय का, तेव्हा उजव्या बाजूचा आरसा डोळ्यासमोर आणायचा आणि मुकाट्याने हो म्हणायचं.