सुक्या बोंबलाचं कालवण आणि हट्टी बटाटा

सुके बोंबील, वांगं, बटाटा. साधं कालवण. तरी मला ते नीट जमायला बरेच दिवस लागले, आणि अडलं ते बोंबलापाशी नाही, बटाट्यापाशी.

चौघांसाठी दहा-बारा बोंबील, चार लहान वांगी, दोन मध्यम बटाटे, एक कांदा, सालासकट ठेचलेल्या दहा लसूणपाकळ्या, दोन चमचे आगरी-कोळी मसाला, अर्धा चमचा हळद, तीन मोठे चमचे तेल, सुपारीएवढी चिंच. फोडणीचं काही सांगण्यासारखं नाही. तेलात लसूण तांबूस, मग कांदा मऊ, मग हळद-मसाला, आणि मसाला जळायच्या आत बटाटा.

इथेच माशी शिंकते. बहुतेकजण मसाल्याबरोबरच चिंचेचा कोळ ओततात, कुणी टोमॅटोही घालतात. मग अर्धा तास गॅस चालू, वांग्याचा लगदा, बोंबलाचा कापूस, आणि बटाटा दाताखाली करकरीत. बटाटा जुना होता, जात वाईट होती, असं आपण म्हणत बसतो. दोष बटाट्याचा नसतो. बटाट्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन उकळत्या पाण्यात सुटतं आणि फोड मऊ होते. आंबटात ते सहजी सुटत नाही. चिंच, कोकम, कैरी, टोमॅटो, सगळ्यांचा परिणाम तोच. एकदा आंबट पडलं की आच वाढवून काही होत नाही, फक्त पाणी आटतं.

दुसरी चूक गार पाण्याची. गार पाणी ओतून मंद आचेवर ठेवलं की बटाटा बराच वेळ नुसता कोमट राहतो, आणि त्या कोमटपणात तो उलट घट्ट होतो; पुढे उकळला तरी पुरता मऊ होत नाही. म्हणून तीन वाट्या पाणी शेजारी उकळत ठेवायचं आणि ते कढत असतानाच ओतायचं. तर्रीही त्यानेच नीट सुटते.

आता क्रम. अंगठ्याच्या पेराएवढ्या फोडी, कढत पाणी, झाकण, आठ ते दहा मिनिटं. सुरी खुपसून वर उचला. फोड आपसूक घसरून पडली तर झालं, सुरीला लटकून राहिली तर थांबा. मगच वांगी, चार-पाच मिनिटं. मग बोंबील, तीन मिनिटं. चिंचेचा कोळ अगदी शेवटी, आणि त्यानंतर दोन-तीन उकळ्या. शेवग्याची शेंग घालायची असेल तर ती बटाट्याबरोबर.

चिंच आधीच पडली असेल तर? खायचा सोडा घालू नका, चव साबणासारखी होते. बटाट्याच्या फोडी झाऱ्याने काढून वेगळ्या साध्या पाण्यात उकळा आणि मऊ झाल्या की परत कालवणात घाला. कुकरची शिट्टी नको, बटाट्याबरोबर वांगंही जातं.

बोंबील साफ करायचं राहिलंच. डोकं, शेपटी, पर कात्रीने उडवून दोन-दोन इंचांचे तुकडे. कोरड्या तव्यावर मंद आचेवर तांबूस ठिपके येईपर्यंत भाजायचे. उग्र वास उतरतो आणि तुकडा रश्शात टिकतो. मग कोमट पाण्यात पाच मिनिटं. वाळू तळाशी बसते, म्हणून पाणी ओतून टाकायचं नाही, तुकडेच हाताने वर उचलायचे. नाहीतर तीच वाळू पुन्हा त्यांच्यावर पडते. पाणी दोन-तीनदा बदला. भिजवून ठेवून विसरलात तर फोडणीपर्यंतही तुकडे शाबूत राहत नाहीत.

मीठ चाखून, शेवटी. बोंबील सहसा बिनमिठाचे सुकवलेले असतात, पण खारवलेलेही मिळतात, आणि नुसतं बघून फरक कळत नाही. तुकड्याचं टोक जिभेला लावून बघा.

रस्सा पातळ वाटला तर चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून कोळाबरोबर सोडा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हासाठी आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, घेतलेले बोंबील कडक वाळवून हवाबंद डब्यात ठेवा. ओलसर वास आला तर भाजूनही जात नाही. आणि उरलेलं कालवण दुसऱ्या दिवशी गरम करताना पळी फिरवू नका, भांडंच हलवा. तोवर बोंबील इतके मऊ झालेले असतात की पळी लागली की भुगा.