बेळगावच्या भट्टीतला पावलोव्हा

लग्न होऊन ऑकलंडला गेले तोवर पावलोव्हा हे नावही कानावर पडलं नव्हतं. बेळगावच्या शहापुरात वाढलेल्या पोरीचं गोड म्हणजे कुंदा, लग्नातले मांडे, कुणी गोकाकला जाऊन आलं की करदंट. तिकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो. त्या दिवशी शेजारच्या आजींनी जेवायला बोलावलं आणि शेवटी टेबलावर एक पांढरा, वरून तडकलेला ढीग आणून ठेवला. त्यावर फेटलेलं क्रीम, स्ट्रॉबेरी, किवी आणि पॅशनफ्रूटचा काळ्या बियांचा गर. सुरी टेकली तशी वरची पापडी फुटली. आतला भाग मात्र मऊ, ओलसर, जिभेवर ठेवताच विरघळणारा. यात मैदा नाही, लोणी नाही. अंड्याचा पांढरा भाग आणि साखर, एवढंच मुख्य. कृती विचारून घेतल्याशिवाय मी त्या घरातून उठले नाही.

रशियन नर्तिका ॲना पावलोव्हा 1926 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आली होती, तिच्यावरून हे नाव पडलं. पदार्थ मूळचा कुणाचा, यावर दोन्ही देश आजही हटून बसलेले आहेत. ऑस्ट्रेलियावाले पर्थच्या एका हॉटेलातल्या बर्ट साक्से या शेफचं 1935 सालचं श्रेय सांगतात, न्यूझीलंडवाले त्याआधी आपल्याकडे छापलेल्या कृती दाखवतात. मला जास्त भावली ती वेगळीच गोष्ट: याच पावलोव्हाबरोबर 1923 मध्ये लंडनला आपले उदय शंकर कृष्ण होऊन नाचले होते, आणि ती राधा झाली होती. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा कुठे त्यांना त्या पदार्थात रस वाटायला लागला.

डिसेंबर लागता लागता माहेरी आले ती घरच्यांना हा खाऊ घालायचाच, असं ठरवून. मार्गशीर्ष चालू होता, म्हणजे गुरुवारी घरात अंडं नाही. बाकीच्या दिवशी आईची हरकत नव्हती, फक्त भांडी वेगळी ठेव म्हणाली. ते माझ्या पथ्यावरच पडलं. पांढरं फेटायच्या भांड्याला तेलातुपाचा अंशही लागलेला चालत नाही, नाहीतर फेस उभाच राहत नाही. मी स्टीलचं पातेलं व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसून घेतलं. बलकाचा एक थेंब पांढऱ्यात पडला तरी तेच होतं, म्हणून अंडी फ्रीजमधून काढल्या काढल्या फोडायची, गार असताना बलक घट्ट असतो. फेटायचं मात्र पांढरं घरातल्या हवेवर आल्यावर.

महिनाही बरोबर साधला होता. साखर हवेतली ओल ओढून घेते आणि पावलोव्हा म्हणजे जवळजवळ सगळी साखरच. मृगापासून गणपतीपर्यंत बेळगावात, आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तर विचारूच नका, त्याची पापडी तासाभरात चिकट होऊन पाझरायला लागेल. डिसेंबरातली आपली कोरडी गार हवा त्याला मानवते.

साखरेला आपल्या जिल्ह्यात तोटा नाही, संकेश्वरपासून अथणीपर्यंत ऊस आणि कारखानेच. पण वाण्याकडची साखर जाड दाण्याची, ती फेसात विरघळत नाही आणि भाजताना तिचे पाकाचे थेंब बाहेर येतात. मिक्सरला थांबत थांबत फिरवून रव्याहून बारीक केली आणि चाळली. पार पिठी करायची नाही. तिकडच्या कृतीत चार अंडी लिहिलेली असतात, आपली अंडी आकारानं लहान, म्हणून अंडी मोजण्यापेक्षा वजन करणं बरं: 130 ग्रॅम पांढऱ्याला 240 ग्रॅम साखर, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, एक चमचा पांढरं व्हिनेगर. व्हिनेगरनं फेस टिकून राहतो, कॉर्नफ्लोअरनं आतला भाग मऊ राहतो.

खरा प्रश्न भाजण्याचा होता. आईचा ओटीजी, म्हणजे विजेचा घरगुती ओव्हन, लहान, मला करायचा होता वीसेक माणसांचा. दिवाळीत आमच्याकडे नानकटाई कॅम्पातल्या एका बेकरीत भाजायला देतात. तिथल्या चाचांकडे गेले. त्यांची भट्टी लाकडावरची, पहाटे पाव निघतात आणि मग दिवसभर ती हळूहळू निवत जाते. पावलोव्हाला अशीच उतरती आंच लागते. चाचांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दुपारी ये की. तोंडात हात घालून वीस मोजता आलं पाहिजे, मग ठेवू.” मी ऑकलंडहून ओव्हनचा छोटा थर्मामीटर आणला होता. दुपारी चाचांनी हात घालून शांतपणे वीस मोजले आणि मान हलवली, मी थर्मामीटर आत सरकवला: 125. तो माणूस हातानं जे ओळखतो त्यासाठी मला यंत्र लागतं, याचं मला फार कौतुक वाटलं.

फेस तयार झाला की वाट बघत नाही, म्हणून फेटायचं काम बेकरीतच केलं. आधी पांढरं मऊ शेंडे येईपर्यंत, मग साखर एकेक चमचा, मधे थांबत. शेवटी फेस इतका घट्ट आणि चकचकीत झाला की बीटर उचलल्यावर शेंडा ताठ उभा राहिला. चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळला, एकही कण लागला नाही. बटर पेपरवर जाडसर गोल थापला, मधे थोडा खळगा, कडा वर. चाचांनी लांब फळीवरून अलगद आत सोडला आणि भट्टीचं तोंड पत्र्यानं बंद केलं. संध्याकाळी उघडलं तर फिकट सायीचा रंग, वर दोन-तीन चिरा. चिरा पडायच्याच.

घरी आल्यावर क्रीमचा प्रश्न. दुकानातलं 25 टक्के फॅटचं क्रीम फेटून उभं राहत नाही, म्हणून फेटायचं क्रीम वेगळं आणून त्यात निम्मा चक्का मिसळला. आता मी ऑकलंडलाही असंच करते, एवढ्या गोडाला चक्क्याचा आंबटपणा हवाच. पॅशनफ्रूट मिळालं नाही. गोव्यातल्या सत्तरीहून काकूच्या माहेरचं बिनमिठाचं कोकम आगळ आलेलं होतं, ते साखरेत आटवलं आणि स्ट्रॉबेरीवर वरून सोडलं. पांढऱ्यावर तो लाल रंग आणि ती चव, मला पॅशनफ्रूटपेक्षा हेच सरस वाटतं.

काकूनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, “वरनं मांडा लागतंय की गं, आतनं काय हे!” चाचांचा वाटा आधीच डब्यात काढून ठेवला होता. उरलेल्या बलकांचा बाबांनी कांदा-मिरची घालून पोळा केला.

घरच्या ओटीजीत करायचा असेल तर लहान करा. 150 अंशांवर तापवा, आत ठेवताच 110 वर आणा, फक्त खालची कॉइल चालू ठेवा, वरची लावली की रंग चढतो. दीड तासानं बंद करा आणि रात्रभर आतच राहू द्या. मधे लाईट गेली तरी दार उघडू नका. क्रीम आणि फळं पानं मांडल्यावरच घाला, त्याआधी नुसतं कवच घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस सहज राहतं.