72 तासांची लक्षवेधी

आमदाराचा पीए म्हटलं की लोकांना बदलीची शिफारसपत्रं आठवतात. अधिवेशनात मात्र आमचा जीव कागदात अडकलेला असतो. तारांकित प्रश्न, मंत्र्यांचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा... साहेब सभागृहात दोन मिनिटं बोलतात, त्यामागे आमदार निवासातल्या खोलीत रात्री उशिरापर्यंत चाललेली खाडाखोड असते.

2023चं नागपूर अधिवेशन मराठा आरक्षणानेच भरलेलं होतं. त्यात नोव्हेंबरअखेरच्या अवकाळीने आणि गारपिटीने आमच्याकडची तूर-कापूस झोपवलेली. पीकविम्यावरची आमची लक्षवेधी लागली. एक रुपयात विमा त्याच खरिपापासून सुरू झालेला, म्हणून साहेबांना हप्त्यावरच बोलायचं होतं: सरकारने कंपन्यांना किती दिले, शेतकऱ्याच्या हाती किती आले. बातमी होणारा विषय.

सकाळी मतदारसंघातून एका शेतकऱ्याचा फोन. “भाऊ, रुपया भरला, पावती हाये. कंपनी म्हणती तुमी उशीर केला.” गारा पडल्या त्या रात्रीच गावची लाइट गेली, टॉवर बंद. लाइट आली तर टोल-फ्री नंबर लागेना. डॉकेट आयडी, म्हणजे सूचना नोंदल्याचा क्रमांक, मिळाला चौथ्या दिवशी. आणि गारपिटीची सूचना द्यायची मुदत 72 तास. त्यानंतरचा अर्ज फेटाळायला कंपनीच्या माणसाला बांधावर यावंही लागत नाही. मला विचाराल तर खरी मेख इथेच होती. हप्ता तर सरकार भरतच होतं.

मी उपप्रश्नाची चिठ्ठी लिहिली: वीज आणि नेटवर्क बंद असलेल्या गावांत तलाठी-कृषी सहायकांचा पंचनामा हीच सूचना धरणार का? शिपायाच्या हाती आत पाठवली आणि पक्ष कार्यालयातल्या टीव्हीसमोर जाऊन उभा राहिलो. गोंधळ चालूच होता. साहेबांनी चष्मा वर करून चिठ्ठी वाचली, हातातला कागद खाली ठेवला आणि तेवढंच विचारलं. अधिकारी गॅलरीतूनही एक चिठ्ठी खाली मंत्र्यांकडे गेली. उत्तर आलं, अट केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमधली आहे, तपासून घेऊ. पुढची लक्षवेधी पुकारली.

संध्याकाळी परत त्याचाच फोन. म्हटलं, “विषय मांडला साहेबांनी.”

“मांडला ते बरं केलं. पण पैशाचं काय?”

मी म्हटलं, पाठपुरावा करतो. आमच्या धंद्यात हा शब्द फार वापरावा लागतो.

2025 मध्ये एक रुपयाची योजना गुंडाळली. देवस्थानांच्या, सरकारी जमिनींवर बोगस विमे निघाले होते, तेव्हा कुणी फार अडवलंही नाही. हप्ता परत शेतकऱ्यावर आला. खरिपाला 2 टक्के, कापसाला 5. सोबत स्थानिक आपत्तीचं संरक्षणही काढलं. आता भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे अख्ख्या महसूल मंडळाच्या सरासरीवर. 72 तासांची कटकट मिटली, कारण गारपिटीचा दावाच उरला नाही.

त्या शेतकऱ्याचा नंबर अजून माझ्याकडे आहे. गारा एकाच शिवारात पडल्या तर सरासरीत त्याचं नुकसान दिसणार कसं, हा पुढचा तारांकित. मसुदा झालाय.